वाचकांचे प्रश्न : संघनिवड, डावपेच आणि भारतीय फुटबॉलचा प्रशिक्षक

आशियाई चषक २०२७ च्या पात्रता फेरीतून भारत बाहेर पडल्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा येतो आहे : प्रशिक्षक खालिद जमील यांनी निवडलेला संघ आणि त्या संघाला दिलेला खेळ. पत्रांमध्ये राग आहे, पण बारकाईने सामने पाहिल्याचा पुरावाही आहे, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

गोव्यातील फातोर्ड्याच्या सामन्यात आपला विंगर छांगटेने चौदाव्या मिनिटाला गोल करून आघाडी मिळवून दिली, तरीही आपण सिंगापूरकडून १-२ असे हरलो. आमच्या पेठेत या पराभवावरून दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते संघच चुकीचा निवडला होता, तर दुसऱ्याच्या मते संघ बरोबर होता पण आघाडी घेतल्यानंतर खेळायचे कसे, हे प्रशिक्षकाने ठरवलेलेच नव्हते. आपले मत काय? — एक वाचक, कोल्हापूर

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमीचे सामने पाहत मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला हा फरक चटकन कळतो, आणि आपल्या दुसऱ्या तटाने नेमक्या जागी बोट ठेवले आहे असे मला वाटते.

१४ ऑक्टोबर २०२५ च्या त्या सामन्याकडे त्याआधीच्या, ९ ऑक्टोबरच्या सामन्यासह पाहिले पाहिजे. सिंगापूरमध्ये झालेल्या त्या लढतीत मध्यंतराआधी इखसान फांदीने गोल केला, मध्यंतरानंतर लगेचच संदेश झिंगनला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि जवळजवळ संपूर्ण उत्तरार्ध भारत दहा खेळाडूंनिशी खेळला. तरीही नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने सिंगापूरच्या बचावातील चुकीचा फायदा उठवून बरोबरी साधली. दहा जणांना काय करायचे ते स्पष्ट होते : मागे एकत्र राहायचे, मधली जागा बंद ठेवायची आणि एखादी संधी मिळेल तिची वाट पाहायची. फातोर्ड्यात मात्र खेळाडू अकरा होते, मैदान घरचे होते, आघाडी आपली होती आणि जिंकणे अत्यावश्यक होते. या परिस्थितीत अकरा जणांनी पुढे जाऊन दुसरा गोल शोधायचा की मागे सरून पहिला जपायचा, याचे उत्तर खेळातून दिसले नाही. आघाडीच्या खेळाडूंनी सिंगापूरच्या बचावपटूंवर धाव घ्यावी आणि त्याच वेळी आपली बचावफळी गोलाच्या दिशेने मागे सरकत जावी, असे घडले की दोन्ही फळ्यांमधील अंतर वाढते आणि ती मोकळी जागा प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या फळीला आयती मिळते.

सिंगापूरचे दोन्ही गोल, चव्वेचाळिसाव्या आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला, सॉन्ग उई-यंग या एकाच खेळाडूने केले आणि तो मधल्या फळीत खेळणारा आहे. स्ट्रायकरवर तर लक्ष असतेच, पण मागून धावत येणाऱ्या मिडफिल्डरला कोणी गाठायचे, हे आधी ठरवून ठेवावे लागते. एकदा तो निसटला तर ती खेळाडूची चूक म्हणता येईल, परंतु मध्यंतराची विश्रांती मिळूनही तोच खेळाडू पुन्हा गोल करत असेल, तर जबाबदारी प्रशिक्षकाकडे जाते. संघ कोणताही असता तरी हे काम कोणाला तरी सोपवावेच लागले असते. शिवाय निलंबित झिंगनच्या जागी कोणाला घ्यायचे, यावर झालेल्या वादात आणखी एक गोष्ट झाकली गेली : दुसरा गोल झाल्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक खेळ शिल्लक होता आणि त्या वेळात बरोबरी साधता आली नाही.

तेव्हा आपल्या पेठेतील पहिल्या तटाला माझी विनंती अशी, की "अमुक खेळाडू हवा होता" असे म्हणताना तो कोणत्या जागी आणि कोणाच्या ऐवजी हवा होता, तसेच आघाडी असताना त्याने कोणते काम केले असते, हेही सांगावे. एवढे सांगितले तर त्या वादातून काही निष्पन्न होईल.

चाळिशी ओलांडलेल्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावणे हा भारतीय फुटबॉलचा पराभव नाही का? तरुण स्ट्रायकरना संधी कधी मिळणार? — पुणे, सातारा आणि छत्रपती संभाजीनगर येथील चार वाचक

छेत्रीला परत आणण्याचा निर्णय जमील यांचा नव्हता. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध त्याने निरोप घेतला, तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. मार्च २०२५ मध्ये मानोलो मार्केझ प्रशिक्षक असताना तो परतला आणि शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. जमील यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सूत्रे घेतल्यावर मध्य आशियातील काफा नेशन्स चषकासाठी त्याला निवडलेच नाही आणि ऑक्टोबरच्या पात्रता सामन्यांसाठी पुन्हा बोलावले. या मागेपुढे होण्यावर टीका झाली. ती मला अंशतः पटते, कारण ज्या खेळाडूभोवती आक्रमण उभे राहणार आहे, तो तयारीच्या स्पर्धेत नसेल तर बाकीचे दहा जण त्याच्यासोबत खेळायला कधी शिकणार?

मात्र आपला मूळ प्रश्न तरुण स्ट्रायकरचा आहे, आणि त्याचे उत्तर राष्ट्रीय प्रशिक्षकाकडे मागणे मला अन्यायाचे वाटते. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी खेळाडू असत. २०१७-१८ पासून ते पाच झाले आणि २०२१-२२ पासून चार. संख्या कमी झाली तरी त्या जागा कोणाला मिळतात, यात फारसा बदल झाला नाही. क्लबच्या प्रशिक्षकाला पुढचा सामना जिंकायचा असतो, म्हणून तो परदेशी खेळाडू संघाच्या मधल्या कण्यावर, म्हणजे मध्य बचावात, मधल्या फळीच्या केंद्रस्थानी आणि मुख्य स्ट्रायकरच्या जागी वापरतो. भारतीय मुलगा जन्मजात स्ट्रायकर असला तरी त्याला बगलेवर ढकलले जाते. २०२४-२५ च्या हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरोक्कन अलाएद्दिन अजाराईने २३ गोल करून सुवर्ण बूट मिळवला, आणि भारतीयांमध्ये सर्वाधिक १४ गोल केले ते छेत्रीनेच. ज्या हंगामात देशातील सर्वाधिक गोल करणारा भारतीय चाळीस वर्षांचा आहे, त्या हंगामानंतर त्याला वगळा असे प्रशिक्षकाला सांगणे सोपे आहे, पण त्याच्या जागी कोणाला घ्यायचे हे सांगणे फार कठीण आहे.

ही उणीव आजची नाही. कतारमध्ये जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या आशियाई चषकात तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांचा भारतीय संघ ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने हरला, सहा गोल स्वीकारले आणि एकही गोल करू शकला नाही. त्या स्पर्धेत छेत्री होता. २०२७ च्या पात्रता फेरीत पहिल्या चार सामन्यांत भारताचे दोन गुण आणि दोन गोल झाले. स्टिमॅच, मार्केझ आणि जमील अशा तीन भिन्न स्वभावांच्या आणि भिन्न विचारांच्या प्रशिक्षकांच्या काळात हीच उणीव कायम राहिली आहे, याकडे आपण डोळेझाक करू नये. साताऱ्याच्या वाचकाने सुचवल्याप्रमाणे क्लबांनी कप स्पर्धांमध्ये भारतीय स्ट्रायकर खेळवण्याचे बंधन घालून घ्यावे, ही सूचना मला मनापासून योग्य वाटते. तिचा पाठपुरावा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे व्हायला हवा.

जमील यांचा खेळ पाहवत नाही. लांब चेंडू, लांब थ्रो-इन आणि सगळे मागे. मार्केझ निदान खालून पास देत खेळ उभारायचा प्रयत्न करत होते. एवढ्या मोठ्या देशाने असा भित्रा फुटबॉल खेळावा का? — एक वाचक, मुंबई

आपली निराशा मी समजू शकतो, परंतु "भित्रा" हे विशेषण मला मान्य नाही. मुंबईकर वाचकाला जमील अपरिचित नाहीत. ते महिंद्र युनायटेडकडून खेळले, नंतर अनेक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते, आणि ते पद गेल्यावर ऐझॉलला जाऊन २०१६-१७ ची आय-लीग त्यांनी जिंकून दाखवली. मोठा खर्च करणारे क्लब बाजूला सारून मिझोरममधील एक लहान क्लब विजेता झाला, तो याच शिस्तबद्ध, दाटीवाटीच्या बचावाच्या आणि थेट आक्रमणाच्या खेळामुळे. साव्हियो मेदेरा यांच्यानंतर प्रथमच एका भारतीयाला राष्ट्रीय संघाची पूर्ण जबाबदारी मिळाली ती अशा कामाच्या बळावर.

आता दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडू. मार्केझ यांच्या काळात भारत आठ सामने खेळला, त्यांपैकी एक जिंकला, चार बरोबरीत सुटले आणि तीन गमावले. तो एकमेव विजय १९ मार्च २०२५ रोजी मालदीववर ३-० असा मिळाला. खालून पास देत उभारलेल्या खेळाचे समर्थक एक गोष्ट विसरतात, की त्या सामन्यातील तिन्ही गोल हेडरने झाले आणि त्यांपैकी पहिले दोन कॉर्नरवरून आले. पहिला गोल करणारा राहुल भेके आपल्या मुंबईचा. याच भेकेने मार्च २०१९ मध्ये सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूसाठी, तर एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीसाठी निर्णायक गोल केला होता. मुंबई सिटीचा तो विजय त्या स्पर्धेतील भारतीय क्लबचा पहिला विजय ठरला, आणि तो गोलही कॉर्नरवरच्या हेडरने झाला. थांबलेल्या चेंडूवरून गोल करणे ही आपल्याकडे असलेली खरीखुरी ताकद आहे. ती वापरणाऱ्या प्रशिक्षकाला दोष का द्यावा?

जमील यांनी पहिल्याच सामन्यात, २९ ऑगस्ट २०२५ रोजी ताजिकिस्तानविरुद्ध त्यांच्याच मैदानावर, हेच केले. मोहम्मद उवैसच्या लांब थ्रो-इनवरून पाचव्या मिनिटाला अन्वर अलीने गोल केला, थोड्याच वेळात झिंगनने दुसरा केला आणि गुरप्रीतसिंग संधूने पेनल्टी अडवून २-१ असा विजय राखला. पुढे इराणने आपल्याला ३-० असे हरवले आणि अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली, पण तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले. मोहन बागानने खेळाडू सोडले नव्हते, सरावाला अवधी अगदी अपुरा होता, आणि तरीही क्रमवारीत वरच्या संघांविरुद्ध ही पद्धत टिकली.

माझा आक्षेप निराळा आहे. ही पद्धत वरचढ संघाविरुद्ध उपयोगी पडते, कारण तो संघ पुढे येतो आणि त्याच्या मागे जागा उरते. सिंगापूर, हाँगकाँग किंवा बांगलादेश यांच्याविरुद्ध चेंडू आपल्याकडे राहतो आणि मागे दाटी करून बसतो तो समोरचा संघ. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशने अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनच्या गोलने आघाडी घेतली आणि उरलेला सगळा वेळ ती जपली. २००३ नंतर प्रथमच त्यांनी आपल्याला हरवले. तशा वेळी लांब चेंडू टाकला तर तो घेणारा बलदंड स्ट्रायकर हवा, आणि तो आपल्याकडे का नाही हे मी वर लिहिलेच आहे. मग उरतात ते बगलेवरील विंगर आणि त्यांच्या बाहेरून पुढे धावणारे फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू. छांगटे डावखुरा असून उजव्या बगलेवरून आत वळतो, तेव्हा त्याच्या बाहेरची जागा भरायला उजवा फुलबॅक धावत आला नाही तर बचावपटूंना छांगटे कोठे जाणार हे आधीच कळते. मूळचा मध्य बचावपटू असलेला खेळाडू उजव्या बाजूला खेळवला की ही धाव कमी होते. मुंबई सिटीमध्ये छांगटेचे सर्वोत्तम हंगाम झाले तेव्हा त्याच्याभोवती अशा धावा करणारे खेळाडू होते. दुबळ्या किंवा बरोबरीच्या संघासाठी दुसरी योजना तयार नसणे, ही जमील यांच्या कामातील मला सर्वांत मोठी वाटणारी त्रुटी आहे, आणि त्यावर टीका व्हायलाच हवी.

मार्केझ हे एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत अशा दोन्ही संघांचे प्रशिक्षक होते. त्यामुळे गोव्याच्या खेळाडूंना झुकते माप मिळाले, असे बाहेरचे लोक म्हणतात. आम्हा गोंयकारांना हे ऐकून वाईट वाटते. — एक वाचिका, मडगाव

वाईट वाटणे साहजिक आहे. मालदीवविरुद्ध ज्याच्या कॉर्नरवरून पहिला गोल झाला तो ब्रँडन फर्नांडिस आणि दुसरा गोल करणारा लिस्टन कुलासो हे दोघेही गोव्याचे, पण त्या वेळी दोघेही एफसी गोवाकडून खेळत नव्हते. तेव्हा निवडीत पक्षपात झाला, या आरोपाला मला आधार दिसत नाही. दुहेरी जबाबदारीची व्यवस्था मात्र चुकीची होती. क्लबच्या प्रशिक्षकाचा आठवडा पुढच्या रविवारच्या सामन्यात जातो, तर राष्ट्रीय प्रशिक्षकाने इतर सर्व क्लबांचे सामने पाहायचे असतात. एकाच माणसाकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवली, हा महासंघाचा निर्णय होता आणि त्याचे उत्तर महासंघाने द्यायचे आहे.

खेळाडूला त्याच्या नेहमीच्या जागेवरून हलवणे कधीतरी योग्य ठरते का? की ती नेहमी प्रशिक्षकाची हटवादी वृत्ती असते? — एक वाचक, नाशिक

योग्य ठरते, आणि भारतीय फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या विजयात ते ठरले आहे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा भारतीय संघ पहिला सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढच्या, थायलंडविरुद्धच्या सामन्यात स्टॉपर, म्हणजे मध्य बचावपटू, जर्नैलसिंग यांच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके पडले. बचावात उभे राहून सतत हेडर घेणे त्यांना धोक्याचे होते. रहीम साहेबांनी त्यांना घरी पाठवले नाही आणि नेहमीच्या जागीही उभे केले नाही. उपांत्य सामन्यात त्यांना थेट सेंटर फॉरवर्डच्या जागी खेळवले आणि स्टॉपरचे काम अरुण घोष यांना दिले. जर्नैलसिंग यांनी दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला, आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जींच्या गोलपाठोपाठ दुसरा गोलही त्यांनीच करून कोरियावर २-१ असा विजय मिळवून दिला. त्याच सामन्यात रहीम साहेबांनी गोलरक्षक बदलून पीटर थंगराज यांना परत आणले होते. सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या संघाच्या मधल्या फळीत मुंबईच्या टाटा संघाचे, मूळ गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको होते, हेही मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे.

हा बदल यशस्वी का झाला, हे महत्त्वाचे आहे. रहीम साहेबांना आपले खेळाडू वर्षानुवर्षे ठाऊक होते आणि त्यांचा संघ दीर्घ शिबिरांत एकत्र राहत असे. आजच्या राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू सामन्यापूर्वी जेमतेम काही दिवस मिळतात. त्यातच ऑक्टोबर २०२५ मध्ये सुपर लीग व्यावसायिक हक्कांच्या करारावरून अडकून पडलेली होती, त्यामुळे बहुतेक खेळाडूंना साप्ताहिक सामन्यांचा सरावच नव्हता. अशा अवस्थेत खेळाडूला अनोळखी जागी उभे करणे फार जोखमीचे असते. म्हणून माझे मत असे, की कमी दिवसांच्या शिबिरात खेळाडू क्लबकडून ज्या जागी खेळतो त्याच जागी खेळवावा, आणि ज्या जागेवर क्लबमध्ये भारतीय नाहीतच त्या स्ट्रायकरच्या जागेपुरता अपवाद करावा.

परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना संघात घेतले तर निवडीचे सगळे वाद मिटतील ना? — एक वाचक, लंडन

सगळे मिटणार नाहीत, पण स्ट्रायकरची अडचण थोडी हलकी होऊ शकेल. २००८ पासूनच्या धोरणानुसार भारतीय पारपत्र असणाऱ्यालाच देशाकडून खेळता येते आणि आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे खेळाडूला आधीचे नागरिकत्व सोडावे लागते. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या अराता इझुमीने जपानचे नागरिकत्व सोडले आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. अलीकडे बेंगळुरूच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडले. त्याच्या आईचा जन्म मुंबईतील अँग्लो-इंडियन कुटुंबातला आहे. ढाक्याच्या सामन्यात मात्र तो खेळू शकला नाही. बांगलादेशचा नियम वेगळा असल्याने इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी त्यांच्याकडून खेळतो, आणि शिलाँगमधील गोलशून्य बरोबरीत त्याच्या पदार्पणाने त्यांच्या मधल्या फळीत किती फरक पडला, हे आपण पाहिले.

अशा खेळाडूचे स्वागत मी करीन, कारण देशासाठी एवढा मोठा निर्णय घेणाऱ्याला परका म्हणणे मला शोभादायक वाटत नाही. परंतु विल्यम्स आला तरी मागून धावत येणाऱ्या मिडफिल्डरला कोणी गाठायचे आणि आघाडी मिळाल्यावर बचावफळीने किती पुढे उभे राहायचे, हे जमील यांनाच ठरवावे लागेल.